लवंगा टोचलेलं संत्रं

त्या डिसेंबरात आई भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली आणि मी ठरवलं, हिला उठवायचंच. कसं, ते माहीत नव्हतं. पण मी इंजिनिअर आहे आणि स्वभावाने हेकट आहे. बंद पडलेली वस्तू बंद पडली म्हणून सोडून देणं मला जमत नाही. हे आईला ऐकवलं तेव्हा ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "मी वस्तू नाही." ती एवढं तरी बोलली, यातच मी त्या दिवशी समाधान मानलं.

बाबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ते नागपुरात, मी इथे नेदरलँड्समध्ये, आणि विमानं बंद. त्यांचा अंत्यविधी मी फोनवर पाहिला. चित्र मधेच अडकायचं, आणि अडकलं की मी फोन थोपटायची, जुना टीव्ही थोपटावा तसा. पुढे वाट मोकळी झाल्यावर लशीची सर्टिफिकेटं, व्हिसा, विमा असं सगळं उरकून ऑक्टोबरच्या अखेरीला मी आईला बेस्टला, म्हणजे मी राहते त्या इथल्या छोट्या गावी, घेऊन आले. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही, फ्लॅटमधली एक खोली रिकामीच होती. तीन महिने माझ्याजवळ राहील, सावरेल, मग पुढचं बघू, असा माझा हिशेब होता.

हिवाळ्याला तो मान्य नव्हता. इथे डिसेंबरात सकाळची पहिली मीटिंग संपली तरी उजाडत नाही, आणि दुपारचा चहा होईपर्यंत परत दिवे लावावे लागतात. मधल्या वेळात पाऊस आडवा येतो. सुरुवातीला आई खिडकीशी बसायची, सायकलवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका बघायची. "हिचं वय माझ्याएवढं असेल नाही?" असं कौतुकाने विचारायची. मग खिडकी सुटली, मग खुर्ची सुटली, आणि उरला तो पलंग. वरणभाताचे दोन घास खायची आणि ताट सरकवायची. "राहू दे," हे तिचं प्रत्येक गोष्टीवरचं उत्तर झालं.

मी काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं. तिच्यासाठी उजेडाचा खास दिवा आणला, तो तिने उशीने झाकला. दाराशी नेऊन तिच्या पायात माझे बूट चढवले, ती तशीच बूट घालून पलंगावर जाऊन पडली. आमच्या भागातल्या हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरला, बोलावलं. तिने नीट तपासलं आणि सांगितलं, हा आजार नाही, शोक आहे, वेळ द्या. इथल्या डॉक्टरांकडे वाट बघणं हे पहिलं औषध असतं, हे मला माहीत होतं. पण आईचं वजन वाट बघायला तयार नव्हतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या. ही अशीच विझत जाईल आणि मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेली असेन, ही भीती मला रोज पहाटे जागं करायची.

तिच्यासाठी मी पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा मोकळा केला होता. त्यात बुद्धाची छोटी मूर्ती, पांढरं कापड, मेणबत्ती आणि बाबांचा फोटो मांडला होता. नागपूरच्या घरी आई-बाबा रोज संध्याकाळी असल्याच कप्प्यासमोर बसून वंदना म्हणायचे. इथे आई त्या कप्प्यापुढे एकदाही बसली नाही. मेणबत्तीची वात कोरी ती कोरीच.

आता शेजारणीबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीत सगळ्या फ्लॅटांची दारं एका लांब गॅलरीत उघडतात. माझ्या पलीकडच्या दारात एक डच बाई राहते, साठीच्या पुढची, एकटी, छातीने जरा अधू. ती हेक्स आहे, इंग्रजीत विच म्हणतात ती. हे मी मागून लावलेलं नाव नाही. ओळख करून देताना तिने स्वतःच, इतर बायका मी शिक्षिका आहे किंवा नर्स आहे असं सांगतात त्या सुरात, सांगितलं होतं. वर्षाचे आठ सण ती पाळते, सगळे सूर्याच्या आणि शेतीच्या हिशेबाने, आणि त्यातला सगळ्यांत मोठा हिवाळ्याच्या ऐन मध्यावरचा, जेव्हा दिवस सर्वांत लहान असतो. तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची कड हेच तिचं देवघर. ऋतू बदलला की ती कड पुसून घेते आणि नव्याने मांडते. हिवाळ्यात तिथे पाइनच्या फांद्या, एका वाटीत मीठ, एक मेणबत्ती आणि तिच्या घराण्यातल्या बायकांचे जुने फोटो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थट्टेने विचारलं होतं की या सगळ्यातून मागतेस काय. ती म्हणाली, "हिवाळ्यात मागत नाही गं. घर झाडायचं, उजेड राखायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची, एवढंच काम." तिच्या दाराशी एक काटक्यांचा झाडूही उभा असतो. त्यावरून मी तिला पुष्कळ छेडलं आहे.

त्या वर्षी तिने दाराबाहेर गॅलरीतच एक टेबल मांडलं, कारण घरात मैत्रिणींना बोलावायची सोय नव्हती. टेबलावर फांद्या, काचेच्या बरणीत दिवा, आणि या सगळ्यात गार्डन सेंटरमधून आणलेलं बुद्धाचं एक दगडी डोकं. इथे कुंड्यांच्या दुकानात बुद्ध मिळतो, आणि माणसं तो कौतुकाने बागेत ठेवतात. आईने हे पाहू नये म्हणून मी स्वयंपाकघराचा पडदा ओढून ठेवला. तसा त्याचा उपयोग नव्हता, आई स्वयंपाकघरात येतच नव्हती.

शेजारीण रोज विचारायची, आई कशी आहे. मी रोज खरं सांगायची. एक दिवस ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी काहीतरी करते." मला वाटलं, सूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये होते. दाराची बेल वाजली. मी माईक बंद करून उठेपर्यंत दार उघडल्याचा आवाज आला. आई उठली होती. कशी, का, ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा नागपूरच्या घरी बेल वाजली की तीच उठायची म्हणून. मी धावत गेले तर आई उंबऱ्याशी उभी, खाली बघत. पायपुसण्यावर एक संत्रं होतं. त्याला सगळीकडून लवंगा टोचलेल्या, भोवती लाल रिबीन गुंडाळलेली, आणि शेजारी चिमूटभर मीठ.

इथे नाताळाच्या दिवसांत संत्र्याला लवंगा टोचून टांगतात. घराला वास येतो, बस्स. हे मला माहीत होतं. पण मी ते आईच्या डोळ्यांनी बघितलं. टोचलेलं फळ, लाल दोरा, उंबऱ्यावर मीठ. आमच्याकडे टाचण्या टोचलेलं लिंबू दारात सापडलं तर त्याला एकच शब्द आहे, करणी.

"कोनं ठेवलं हे?" आई म्हणाली.

आई निवृत्त शिक्षिका. एरवी तिची मराठी पुस्तकात छापावी अशी. पण राग आला की शाळेतली भाषा गळून पडते आणि तिच्या गावची वऱ्हाडी वर येते. कित्येक आठवड्यांनी मी ती ऐकत होते.

"आई, ते तसलं काही नाही. शेजारणीने..."

"इथं बी हेच?" तिने वाकून संत्रं उचललं. "कुठं राहते ते दाखव मले."

माझी आई करणीवर विश्वास ठेवत नाही, हे सांगायला हवं. तिचा छळ झाला आहे तो विश्वास न ठेवल्यामुळे. शाळेच्या वाटेवर चौकात उतरवून टाकलेली लिंबं पडलेली असायची, मुलं त्यांना वळसा घालून जायची. आई ती लिंबं उचलायची, टाचण्या काढायची, धुवायची आणि वर्गात सगळ्यांसमोर त्यांचं सरबत करून प्यायची. मग मुलांना म्हणायची, उद्या मी आले तर काय समजायचं? दुसऱ्या दिवशी ती जायचीच. पालकांच्या तक्रारी आल्या, मुख्याध्यापकांनी समज दिली, पण आईने सरबत सोडलं नाही. बाबा संध्याकाळी दारातच विचारायचे, "काय बाई, आज सरबत झालं का?"

तेव्हा गॅलरीत काय होणार हे मला कळायला हवं होतं. आईने अंगावरच्या शालीसकट, पायात सपाता, जाऊन शेजारणीची बेल दाबली ती सोडलीच नाही. शेजारणीने दार उघडलं, आईला उभं पाहून तिचा चेहरा फुलला. आईने तिच्या डोळ्यांत डोळे घालून एकेक लवंग उपटली आणि गॅलरीच्या कठड्यावर ओळीने ठेवली. मग रिबीन काढली. मग संत्रं सोललं, आणि फोड तोंडात टाकली.

"ते खायचं नाही, वासासाठी आहे," शेजारीण घाबरून मला म्हणाली.

"काय म्हणते?"

"खायचं नसतं म्हणते."

"सांग तिले, मी खाते." दुसरी फोड. "आन् सांग, उद्या सकाळी मी इथंच उभी राहीन." तिसरी फोड. "नागपुरी नाही हे. पण रस आहे."

आईने अख्खं संत्रं संपवलं. मी ते बघत होते आणि मला रडू येत होतं. भाषांतर करणारीने रडून कसं चालेल म्हणून मी नाक पुसलं आणि दोघींमध्ये उभी राहिले. शेजारणीला सगळा घोळ समजावला. ती ओशाळली. आईकडे बघून ती हळूच म्हणाली की तिला फक्त घरात चांगला वास यावा असं वाटलं होतं, हेक्स असली तरी ती कुणाचं वाईट करत नाही.

"हेक्स म्हणजे?" आईने विचारलं.

वनस्पतींची जाणकार म्हणता आलं असतं. निसर्गपूजक म्हणता आलं असतं. पण मी थकले होते आणि मला खोटं सुचेना. "चेटकीण," मी म्हटलं.

आईच्या हातातली सालं खाली पडली.

"असं कोण म्हणतं तिला?" ती आता वऱ्हाडीत बोलत नव्हती.

"ती स्वतःच म्हणते."

"कुणी म्हणायला लावलं नाही? विचार तिला."

मी विचारलं. शेजारणीने सांगितलं की तिच्या देशातही बायकांना या शब्दावरून मारलंय, जाळलंय, पाण्यात बुडवलंय. ज्या बायका औषधपाणी करायच्या, एकट्या राहायच्या, तोंडाला तोंड द्यायच्या, त्यांना. "म्हणून तो शब्द मी रस्त्यावरून उचलून घरात आणला. आता कुणाला तो माझ्यावर फेकायचा असेल तर काय फेकणार? तो माझ्याजवळच आहे."

मी हे मराठीत सांगितलं. आईने ऐकलं, डोळे मिटले, उघडले.

"म्हणजे हिने त्या शब्दाचं सरबत केलं," ती म्हणाली, आणि वळून घरात आली.

मी मागोमाग आले. आई पलंगाकडे गेली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, आणि मी लॅपटॉप मिटला. "माझ्या आईला म्हणायचे तसं," ती म्हणाली.

आजीबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती आई लहान असताना तापाने गेली. फोटो नव्हता. नाव मी एकदा विचारलं होतं, शाळेच्या कसल्या तरी वंशवृक्षासाठी, तेव्हा आईने दुसरंच काहीतरी काम सांगून मला पिटाळलं होतं. आता ती सांगत होती. आजी सुईण होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. मग देवीची साथ आली आणि पोरं मरायला लागली. जिच्या हातावर ती जन्मली तिच्याच नजरेने ती गेली, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ते धरलं. तिला केस धरून घराबाहेर ओढलं, तेव्हा आई दाराआड होती. घरच्यांनी गाव सोडलं, शहरात आले, पुढे धम्म स्वीकारला, पोरी शिकल्या. आजी शहरात काही वर्षं जगली, पण बोलली नाही. आणि गावात तिचं नाव मागे राहिलं ते शिवी म्हणून. न झोपणाऱ्या पोराला आया म्हणायच्या, झोप, नाही तर अमकी येईल.

"म्हणून घरात ते नाव कुणी घेतलं नाही. आम्हीच घेतलं नाही." आईने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "तुझ्या बाबांना सांगितलं होतं, लग्नाआधी. ते अधूनमधून विचारायचे, तिला काय आवडायचं, कशी दिसायची. तेवढ्यापुरती ती असायची. आता ते गेले. आता तिला ओळखणारं मीच एक."

मला राग आला. त्या गावावर आला, आणि खरं सांगायचं तर आईवरही आला. मी काय परकी होते? माझ्या आजीचं नाव मलाच माहीत नसावं आणि ते घेऊन आईने भिंतीकडे तोंड करून मरावं, हा कुठला न्याय? मी हे सगळं मोठ्याने बोलले. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "भात टाक. भूक लागली."

मीही मग सोडणार नव्हते. हिवाळ्याच्या मध्यावर शेजारीण काय करते ते मी आईला सांगितलं. सूर्य मावळताना प्रत्येक बाई आपल्या घराण्यातल्या अशा एका बाईचं नाव घेते जिचं नाव कुणी घेत नाही, आणि बाकीच्या ते परत म्हणतात. आई म्हणाली, मी असल्या भानगडीत पडत नाही. मी म्हटलं, बरं. दोन दिवसांनी ती स्वतःच शेजारणीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, मला भाषांतराला ओढून.

"अटी सांग तिला. मंत्र नाही. मागणं नाही. कुणापुढे हात जोडणं नाही. मी फक्त नाव सांगणार. आणि तो बुद्ध थंडीतून आत घे म्हणावं, तो शोभेची वस्तू नाही."

शेजारणीने लगेच ते डोकं उचललं आणि विचारलं, "झाडू चालेल का?"

"झाडू चालेल. झाडू कामाचा असतो."

तोवर नवा लॉकडाउन लागला होता. घरात दोनच पाहुण्यांना परवानगी, आणि शेजारीण छातीच्या दुखण्यामुळे त्यांनाही घेत नव्हती. म्हणून तिच्या दोन मैत्रिणी, एक टिलबर्गची आणि एक नायमेखनची, खाली पार्किंगमध्ये अंतर ठेवून कंदील घेऊन उभ्या राहिल्या. वर गॅलरीत टेबलाच्या त्या बाजूला शेजारीण, या बाजूला आई आणि मी. आईने माझं हिवाळ्याचं जाकीट घातलं होतं, बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या. पाऊस भुरभुरत होता. उजेड असा नव्हताच, जो होता तो कमी होत गेला.

खालच्या दोघींनी आपापली नावं घेतली, सगळ्यांनी परत म्हटली. शेजारणीने तिच्या पणजीच्या बहिणीचं घेतलं. मग सगळ्या आईकडे बघायला लागल्या. आईने कठडा दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले, आवाज आला नाही. मी तिला हात लावला नाही. मला वाटलं, आता ही वळेल, आत जाईल आणि परत पलंग धरेल, आणि यावेळी त्याला कारण मी असेन.

मग तिने नाव घेतलं. अगदी हळू, जाकिटाच्या कॉलरमध्ये.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते म्हणायचं आहे, छापायचं नाही, असं आईचं म्हणणं आहे. एवढंच सांगते की ते ग पासून सुरू होतं. आणि डच माणसाच्या जिभेवर ग टिकत नाही, घसा खरवडून त्याचा ख होतो. शेजारणीने मनापासून, डोळे मिटून, नाव परत म्हटलं, ख लावून. खालच्या दोघींनीही ख लावून म्हटलं.

आईने मान वर केली. "ख नाही. ग."

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा ख.

"गऽऽ! गवताचा ग!" आई कठड्यावरून वाकली आणि खाली पार्किंगपर्यंत जाईल अशा आवाजात, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकवायच्या आवाजात, तिने नाव घेतलं. ते पुरेना म्हणून परत घेतलं. अक्षरं सुटी करून घेतलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडून बघितलं. ज्या नावाला एक अख्खं गाव घाबरत होतं आणि जे आईने साठ वर्षं गिळून ठेवलं होतं, ते ती भर गॅलरीत ओरडत होती, आणि अनोळखी बायका पावसात उभ्या राहून ते बिनचूक म्हणता यावं म्हणून धडपडत होत्या. कुणाचा तरी ग एकदाचा जमला. आईने मान डोलावली.

मग ती माझ्याकडे वळली. चेहरा ओला होता, पण नजर शिक्षिकेचीच होती.

"आणि तू का गप्प? तुझी आजी आहे ती."

मी नाव घेतलं. मला ते पहिल्याच वेळी नीट जमलं. तरी मी पुन्हा घेतलं.